रातव्याला गावोगावी काय म्हणतात: प्रकल्प नोंदी

२८ एप्रिल

शेवटी शीट उघडलीच. युरोपातल्या रात्रीच्या पक्ष्यांची बोलीभाषेतली नावं मराठीत एका जागी आणायची हे किती दिवस डोक्यात होतं. तयार याद्या भरपूर मिळतात पण त्या सगळ्या एकाच साच्याच्या, इंग्रजीत हे, जर्मनमध्ये हे, फ्रेंचमध्ये हे, संपलं. नाव कुठल्या गावचं, ते कोण वापरायचं आणि त्या नावातून माणसाने पक्ष्याबद्दल नेमकं काय नोंदवलंय हे कुठेच एकत्र नाही. म्हणून माझ्या शीटमध्ये नाव, भाषा, जिल्हा किंवा प्रांत, देवनागरी उच्चार, मराठी अर्थ असे कॉलम आहेत आणि शेवटी माझा सगळ्यात लाडका कॉलम, "नाव काय सांगतं". त्यात पाचच पर्याय ठेवलेत: कान, डोळा, वेळ, आरोप, मरण. म्हणजे नाव आवाजावरून पडलं, रूपावरून पडलं, वेळेवरून पडलं, पक्ष्यावर आळ घेऊन पडलं की मरणाच्या भीतीतून पडलं.

सुरुवात रातव्यापासून, म्हणजे युरोपियन नाइटजारपासून. कारण एवढी नावं आणि एवढी बदनामी दुसऱ्या कुठल्या पक्ष्याच्या वाट्याला आली असेल असं मला वाटत नाही. वजन फार तर शंभर ग्रॅमपर्यंत, दिवसभर जमिनीवर वाळक्या पानांत पडून राहतो, रात्री पतंग आणि भुंगेरे खातो, हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

५ मे

आज कानाची नावं भरली. मजा आली खूप.

फिनिशमध्ये ह्याला केहरॅया म्हणतात, म्हणजे सूत कातणारा. वेल्शमध्ये ट्रॉयल-ऊर मौर, मोठा कातणारा. आयरिशमध्ये तूर्न्ये लीन, म्हणजे जवसाच्या धाग्याचा चरखा, पक्ष्याला थेट चरखाच म्हणून टाकलंय. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगकडे व्हील-बर्ड. आता बघा, फिनिशचं वेल्शशी भाषेचं काहीएक नातं नाही, मधे अख्खा समुद्र, आणि तरी दोघांच्या कानाला एकच गोष्ट ऐकू आली कारण दोन्हीकडे संध्याकाळी घरात चरखा चालायचा. माझ्यासाठी हा एवढा मोठा पुरावा आहे की माणसं नीट ऐकत होती.

इंग्लंडात नुसत्या आवाजाची नावं वेगळीच, नाइट-चर, ईव्ह-चर, ईव्ह-जार, चर्न-आउल. चर्न म्हणजे लोणी काढायची घुसळण, तिचाही आवाज तसाच घरघर. पुढे धार लावणारा आला, म्हणून रेझर-ग्राइंडर आणि सिझर्स-ग्राइंडर. बायकांनी ऐकलं त्यांना चरखा वाटला, लोणी काढणारीला घुसळण वाटली, रस्त्यावर धारवाला ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं चाक वाटलं. ज्याच्या घरात जे फिरत होतं ते त्याने पक्ष्याला दिलं.

ह्यातली बरीचशी इंग्लिश नावं चार्ल्स स्वेन्सन ह्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या प्रांतिक नावांचा जो संग्रह काढला त्यात परगण्यासकट दिलेली आहेत. म्हणून माझा जिल्ह्याचा कॉलम इंग्लंडपुरता तरी रिकामा राहत नाहीये. त्या माणसाने केलेलं काम मोठं आहे, तेव्हा ऐकून लिहून घेतलं नसतं तर ह्यातली निम्मी नावं बोलणाऱ्यांबरोबरच गेली असती.

१२ मे

आरोपाचा कॉलम. हा भरताना राग येतो, खरंच.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं की हा पक्षी रात्री शेळ्यांच्या आचळाला तोंड लावतो, मग आचळ आटतं आणि शेळी आंधळी होते. पुढे पहिल्या शतकात प्लिनी ह्या रोमन लेखकाने तेच लॅटिनमध्ये घेतलं, मेंढपाळांच्या गोठ्यात शिरतात वगैरे, आणि पक्ष्याला काप्रिमुल्गस म्हटलं, शेळीचं दूध काढणारा. १७५८ मध्ये लिनेयस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिलं तेही काप्रिमुल्गस युरोपियस. म्हणजे दोन हजार वर्षं जुनी चहाडी आज प्रत्येक पक्षीपुस्तकात तिरप्या अक्षरात छापलेली असते.

आता भाषांवार बघा. जर्मन त्सीगेनमेल्कर, इटालियन सुच्चाकाप्रे, स्पॅनिश चोताकाब्रास, रशियन कोझोदोय, हंगेरियन केच्केफेयो, इंग्लिश गोटसकर. सगळ्यांचा अर्थ तोच, कुणी शेळी पिळतंय कुणी शेळी चोखतंय. एकाच बातमीच्या ह्या नकला वाटतात मला. चरख्याची नावं आपापल्या गावात वेगवेगळी जन्मली तशी ही जन्मली नसावीत, निदान त्यातली काही तरी लॅटिन शिकलेल्या पंडितांमार्फत उतरली असणार असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे म्हणून शीटमध्ये ह्या ओळींना वेगळा रंग दिलाय. पोलिशमध्ये रातवा म्हणजे लेलेक आणि त्यात दोन्ही चालतात, लेलेक कोझोदुय म्हणजे शेळीपिळ्या आणि लेलेक झ्विचायनी म्हणजे साधासुधा लेलेक. मला दुसरं आवडलं.

आळ आला कुठून हे मात्र समजण्यासारखं आहे. जनावरं असतात तिथे शेण असतं, शेणात भुंगेरे असतात, वर पतंग उडतात, त्यामागे रातवा येतो. संध्याकाळी शेळ्यांच्या पायांत काहीतरी फडफडतं आणि त्याचं तोंड उघडलं की केवढं, चोच दिसायला इवलीशी पण जबडा डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेला. मग सकाळी एखाद्या शेळीचं आचळ सुजून दूध आटलेलं असेल तर दोष कुणाचा? समोर जो दिसला त्याचा.

१९ मे

इंग्लंडातल्या हॅम्पशरचा शब्द सापडला, पकरिज. ह्या एका शब्दावर अख्खी संध्याकाळ गेली आणि गेली ते बरं झालं.

सेल्बोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट (१७२० ते १७९३), ते लिहितात की इथले लोक ह्या पक्ष्याला पकरिज म्हणतात आणि वासरांना होणाऱ्या एका जीवघेण्या रोगालाही पकरिजच म्हणतात, कारण पक्षी वासरावर झडप घालतो आणि रोग लावतो असा समज. रोगाचं आणि पक्ष्याचं नाव एक! आणि मग व्हाइट जे करतात ते मला फार भावलं, ते समजुतीला हसत बसत नाहीत, ज्याने अशी मेलेली वासरं सोलली होती त्या माणसाशी जाऊन बोलतात. तो सांगतो की दुखणं पाठीच्या कण्याच्या बाजूने असतं, मांस सुजलेलं आणि पू भरलेला. म्हणजे काम माशीचं, तिच्या अळ्या कातड्याखाली वाढतात. रातवा बिचारा त्या माशीच्या जातभाईंनाच खाणारा. इटलीत शेळ्यांचा आळ आणि इंग्लंडात वासरांचा, असा दुहेरी ठपका ह्या निरुपद्रवी पक्ष्यावर आहे असं व्हाइटनी स्पष्ट म्हटलंय.

त्यांचीच अजून एक नोंद आहे. टेकडीवरच्या गवताने शाकारलेल्या झोपडीत मंडळी चहा पीत बसलेली, रातवा येऊन छपरावर बसला आणि घरघर सुरू केली तर सगळी झोपडी थरथरलेली जाणवली. आणि पोर्ट्समथची संध्याकाळची तोफ व्हायची तेव्हाच नेमकी ह्याची घरघर सुरू व्हायची म्हणे.

एक ओळ पण दोन नोंदी केल्या: पकरिज (पक्षी), पकरिज (रोग). आरोप कॉलममध्ये.

३१ मे

थर्स्ली कॉमनला जाऊन आले. सरे परगण्यातलं माळरान, हेदरची झुडपं, मधे पाणथळ, आणि रातवा ऐकायला इंग्लंडच्या दक्षिणेत ह्याहून चांगल्या जागा थोड्याच.

सूर्य मावळून बराच वेळ झाला, उजेड पूर्ण गेलेला नाही, आणि मग सुरू झालं. घरामागच्या खोलीत कुणीतरी शिलाई मशीन न थांबता चालवतंय तसं. मधेच सूर एक पायरी खाली येतो आणि परत वर, तेवढ्यात पक्ष्याने डोकं वळवलेलं असतं की काय. ह्या गाण्यात मिनिटाला १,९०० पर्यंत ठोके मोजलेले आहेत आणि एकेक तान दहा मिनिटांपर्यंत चालू शकते. कान देऊन ऐकल्यावर चरख्याची सगळी नावं एकदम पटली, विशेषतः शेवट, चाक सोडून दिल्यावर जसा वेग मंदावतो तसंच घरघर उतरत जाते आणि मग पंखांची टाळी वाजते. नर उडाला तेव्हा पंखावरचे पांढरे ठिपके दिसले, अगदी क्षणभर.

आपल्याकडचा रातवा वेगळा बोलतो, टक टक टक करत ठोके जवळ जवळ येत जातात आणि एकात एक मिसळून संपतात. त्याला कुणी चरखा म्हणणार नाही. नाव जर कानाने ठेवायचं असेल तर जात बदलली की नाव बदलणारच.

८ जून

डोळ्याची नावं, पटापट. फ्रेंच क्रापो व्होलां म्हणजे उडता बेडूक, त्या जबड्यावरून आणि चपट्या बसण्यावरून. फ्रेंचच आंगूलवां म्हणजे वारा गिळणारा, तोंड उघडं टाकून उडतो म्हणून. हंगेरियन लप्पान्त्यू, दबा धरून पडून राहणारा. जर्मन टागश्लेफर, दिवसा झोपणारा, हे वेळेत टाकलं. इंग्लिश फर्न-आउल म्हणजे नेच्यांतलं घुबड, डॉर-हॉक म्हणजे भुंगेरे पकडणारा ससाणा, आणि हे डॉर-हॉक मला ह्या गटातलं सगळ्यात प्रामाणिक नाव वाटतं कारण पक्षी काय खातो ते कुणीतरी बघून ठेवलंय.

स्पेनमधलं एंगान्यापास्तोरेस, मेंढपाळांना फसवणारा. पायाशी आलात की उडतो, थोडं पुढे जाऊन बसतो, परत जवळ गेलात की परत उडतो, माणूस मागे मागे जात राहतो. म्हटलं तर आरोप, पण वागणं अगदी खरं टिपलंय. दोन्ही खुणा केल्या.

१६ जून

मरण. श्रॉपशरमध्ये लिच-फाउल, प्रेताचा पक्षी. आणि यॉर्कशरच्या निडरडेलमध्ये गॅबल-रॅचेट: बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचे जीव रातवे होऊन फिरत राहतात अशी समजूत. हे वाचून मी थांबलेच. ज्या काळात पाळण्यातली मुलं सहज जायची आणि बाप्तिस्म्याआधी गेलं तर चर्चच्या पवित्र जमिनीत जागा मिळायची नाही त्या काळातल्या आया संध्याकाळी माळावरचा तो न संपणारा आवाज ऐकत असतील. ह्या नावाला आरोप म्हणता येत नाही, भीतीही म्हणवत नाही. शोक असा वेगळा पर्याय करायचा विचार होता पण एका नावासाठी सहावा पर्याय नको, शेऱ्यात लिहिलं.

डेन्मार्कमध्ये रातव्याला नातराउन म्हणतात, रात्रीचा डोमकावळा. त्याच नावाचं एक भूतही आहे, मंत्राने जमिनीत गाडलेला आत्मा खुंटा निघाला की पक्षी होऊन उडतो, त्याच्या पंखाला भोक असतं आणि वर बघताना त्या भोकातून ज्याला आरपार दिसलं तोही नातराउन होतो. थर्स्लीला पंखावरचे ते पांढरे ठिपके अंधारात बघितलेत म्हणून मला हे भोक कुठून आलं असेल असं वाटतं ते सांगायला नको. पुन्हा, अंदाज, वेगळा रंग.

२९ जून

घुबडांकडे वळले. आधी छोटं घुबड, लिटल आउल, आपल्या पिंगळ्याचा सख्खा चुलतभाऊ, दोघंही अथीनी ह्या एकाच प्रजातीत. अथीना देवीचा पक्षी, अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर होता आणि आज ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच जुनं नाणं कोरलेलं आहे. ग्रीसमध्ये मान, आणि उत्तरेला सरकलं की चित्र पालटतं.

जर्मन मुलखात ह्याची हाक कुविट कुविट, ती लोकांनी कोम मिट अशी ऐकली, म्हणजे चल माझ्याबरोबर. नाव पडलं टोटनफोगेल, मृत्यूचा पक्षी. पोलंडमध्ये तर नावच पुइच्का, आणि तिचं बोलणं असं सांगतात: पुइच, पुइच, व दोवेक पोद कोश्चोवेक. ये, ये, देवळापाशी खड्ड्यात ये. यमकासकट बोलावणं!

ह्याचं कारण मात्र सरळ आहे आणि ते कळल्यावर वाईट वाटतं. मध्यरात्री सगळं गाव अंधारात, एकाच घरात दिवा, आणि तो दिवा आजाऱ्याच्या उशाशी. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे घुबड येतं आणि खिडकीशी बसून ओरडतं. सकाळी आजारी माणूस गेलेला. पाहणं बरोबर होतं, घुबड खरंच यायचं, फक्त कार्यकारण उलटं लागलं.

इंग्लंडात ह्या घुबडाची जुनी लोककथा शोधू नये, मिळणार नाही, कारण हा पक्षीच तिथे एकोणिसाव्या शतकात मुद्दाम आणून सोडलेला आहे. नकाशावर पोलंड, जर्मनी, इटली भरलेले आणि इंग्लंड कोरं. ही कोरी जागा मला फार बोलकी वाटते: पक्षी नवीन, म्हणून भीतीही नाही.

आणि आपल्याकडे त्याच कुळातला पिंगळा, त्याची भाषा कळते असं सांगणारे पिंगळे जोशी पहाटे दारात येऊन भविष्य सांगायचे. तिथे हाक मरणाची, इथे होराशास्त्राची. दोन्हीकडे घुबड काहीतरी सांगतंय ह्याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

७ जुलै

गव्हाणी घुबड. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ह्याला बेऊ-लोली म्हणतात, तेल पिणारं. देवळातल्या दिव्यांचं तेल रात्री हे पिऊन जातं असा समज, स्पेनमध्येही हाच. चर्चच्या मनोऱ्यात घरटं, आत उंदीर, ये-जा चालूच, आणि सकाळी समईतलं तेल कमी. तेल कोण कमी करत असेल ह्याचे इतर पर्याय गावकऱ्यांना माहीत असणारच पण पक्षी तक्रार करत नाही.

नॉरफोकमध्ये ह्याला बिली विक्स. स्कॉटिश गेलिकमध्ये घुबडाला काल्याख ऐख्ये, रात्रीची म्हातारी. वेल्समधली ब्लोदाय्वेदची कथा सगळ्यांना माहीत असावी अशी आहे: फुलांपासून बनवलेली बायको, नवऱ्याचा घात करते, ग्विदिओन जादूगार तिला घुबड करून टाकतो आणि शाप देतो की दिवसाउजेडी तोंड दाखवायचं नाहीस, बाकी पक्षी तुझ्यावर तुटून पडतील. दिवसा घुबड दिसलं की लहान पक्षी खरंच कालवा करून त्याला हैराण करतात, मॉबिंग म्हणतात त्याला. कथेत निरीक्षण कसं बेमालूम बसवलंय.

पण ह्या पक्ष्याशी माणूस कसा वागला त्याची दोन टोकं आहेत. एकीकडे वीज पडू नये म्हणून घुबड मारून कोठाराच्या दाराला खिळ्याने ठोकायचे. दुसरीकडे कोठाराच्या भिंतीत त्याला आत येण्यासाठी मुद्दाम भोक ठेवायचे, धान्याचे उंदीर खाईल म्हणून. उत्तर जर्मनीतल्या बोलीत छपराच्या टोकाशी ठेवलेल्या त्या भोकाला ऊलेनफ्लुख्त म्हणतात आणि तोच शब्द तिन्हीसांजेलाही वापरतात, घुबड बाहेर पडायची वेळ. आपलं गव्हाणी हे नावही गोठ्यातल्या गव्हाणीवरून, तेही जागा सांगतं, शाप देत नाही.

आपल्याकडे घुबडाला दगड मारू नये, ते दगड उचलून झिजवत बसतं आणि मारणारा झिजत जातो असं सांगतात. भीतीच, पण हिने घुबडाचा जीव वाचतो. दारावर ठोकण्यापेक्षा कितीतरी बरी भीती.

२० जुलै

शेळी परत आली! आणि ह्यावेळी आळ नाही.

पाणलावा, म्हणजे स्नाइप. संधिप्रकाशात आणि रात्री आकाशातून सूर मारतो तेव्हा मेंढरू बें करावं तसा आवाज येतो. जर्मनमध्ये हिमेल्सत्सीगे, आभाळातली शेळी. फिनिशमध्ये ताइव्हानव्हुओही, तेच. आयरिशमध्ये गौरीन रो, गारठ्यातली छोटी शेळी. लिथुआनियनमध्ये पेरकूनो ओझेलिस, पेरकूनास ह्या मेघगर्जनेच्या देवाचा छोटा बोकड. किती सुंदर आहे हे! आवाज गळ्यातून येतच नाही, शेपटीच्या बाहेरच्या दोन पिसांमधून वारा जातो तेव्हा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिप मॅन्सन-बार ह्यांनी ती दोन पिसं बुचात खोचली, बुचाला दोरी बांधली, डोक्याभोवती गरगर फिरवलं आणि तोच बेंबें आवाज काढून दाखवला.

महाराष्ट्रात पाणलावे हिवाळ्यात येतात पण तेव्हा हा आवाज करत नाहीत, तो विणीच्या काळातला. म्हणून मराठीत आभाळातली शेळी जन्माला यायचं कारणच नव्हतं.

२ ऑगस्ट

छोट्या भरती. बिटर्न म्हणजे दलदलीत राहणारा बगळ्याचा जातभाई, इंग्लंडात बटरबंप, मायर-ड्रम, बॉग-बंपर, जर्मन बोलीत मोरऑक्से म्हणजे दलदलीतला बैल. सगळी कानाची. स्कॉटलंडच्या रम बेटावर एका डोंगराचं नाव ट्रोलाव्हाल, नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांनी दिलेलं, ट्रोल म्हणजे राक्षसांचा डोंगर. त्या डोंगरात शिअरवॉटर पक्षी बिळं करतात, रात्रीच्या अंधारात समुद्रावरून परततात आणि जमिनीखालून किंचाळतात, नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. डोंगराची नावं शीटमध्ये घ्यायची का? घेतलं. पक्ष्याने ठेवलेलंच आहे ते.

१८ ऑगस्ट

रातव्यांची घरघर आता थांबत आली, लवकरच आफ्रिकेकडे निघतील. शीट पुरेशी भरली आहे, आज उच्चार तपासले. वेल्शमधला तो जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायचा आवाज देवनागरीत नाही, घुबडाचा त्यांचा शब्द तल्हीअन असा लिहिलाय, ल्ह वर समाधान मानलंय. पोलिशचं बरंच नीट उतरतं, आपल्याकडे च आणि च़ दोन्ही असल्याचा फायदा.

फिल्टर लावून पाहिलं. कानाच्या नावांत जवळजवळ प्रत्येक भाषेचा स्वतःचा शब्द आहे, आरोपाच्या नावांत एकच शब्द भाषा बदलून फिरतोय. नकाशावर दोन थर वेगळे केले तर हे लगेच डोळ्यात भरतं, तसंच ठेवणार.

आता मराठीचं पान उघडलंय त्याच कॉलमांनी: रातवा, पिंगळा, गव्हाणी घुबड, हुमा घुबड, टिटवी. टिटवी रात्रीही ओरडते आणि तिच्या ओरडण्यालाही अशुभ मानतात म्हणून ती हवीच. पुस्तकी नाव एका कॉलममध्ये आणि तालुक्याचं नाव वेगळ्या कॉलममध्ये. गावी गेल्यावर विचारायचे प्रश्न लिहून ठेवले: हे नाव कुणाकडून ऐकलं, तुम्ही पक्षी पाहिलाय की नुसता आवाज, आवाज काढून दाखवता का, फोटो दाखवला तर हाच म्हणता का, आणि तो ओरडला की घरात काय म्हणतात. आवाज काढून दाखवतील तो फोनवर रेकॉर्ड करायचा, लिहून ठेवलेलं पुरणार नाही. आत्याला फोन करून दिवाळीची तारीख कळवली, तिच्या शेजारचे आबा रात्री रानात राखणीला जायचे, पहिली मुलाखत त्यांची.